डॅलसचा उपकारक बिघाड

जनुकात बिघाड म्हटला की आजारच डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मात्र हृदय सांभाळणारा बिघाड सापडला.

तिथल्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी शहरातल्या लोकांचं रक्त तपासलं. या पाहणीत जवळपास निम्मे लोक कृष्णवर्णीय होते, आणि ते मुद्दामच घेतलेले होते. काही जणांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आश्चर्य वाटावं इतकं कमी निघालं. कारण होतं पीसीएसके-९ या जनुकातला बिघाड. यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. या जनुकापासून बनणारं प्रथिन त्या ग्राहकांनाच पकडून नष्ट करवतं. जनुक निकामी झालं की ग्राहक टिकतात आणि रक्त साफ होत राहतं.

२००६ साली दुसऱ्या एका पाहणीतले पंधरा वर्षांचे आकडे प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोकांत हा बिघाड होता. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी, पण हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी! कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असलं, तर फायदा असा साठत जातो. गोऱ्यांमध्ये हे बिघाड जवळजवळ नव्हतेच. नुसते गोरेच तपासले असते, तर हे इतकं ठळकपणे हाती लागलं नसतं. याच प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली. ती आता सगळ्याच वंशांच्या रुग्णांना दिली जातात.

उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर समाजाचं. मूठभर वसाहतकऱ्यांपासून वाढलेल्या या समाजात एलडीएलचा ग्राहकच सदोष करणारी जनुकं पसरली. शंभरात एकाला तरी वारशाने चढं कोलेस्टेरॉल मिळतं.

आणि आपण? २००४ च्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. पण म्हणून सगळं खापर जनुकांवर फोडता येत नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट ही नेहमीचीच कारणं आपल्याकडे लवकर गाठतात, असं त्याच अभ्यासाच्या आकड्यांतून दिसलं. एक घटक मात्र जवळपास पूर्णपणे वारशाने ठरतो: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण. गोऱ्यांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत तो सरासरीने जास्त आणि कृष्णवर्णीयांत त्याहूनही जास्त असतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो दिसत नाही.

हल्ली जनुकं तपासून हृदयाचा ‘स्कोअर’ सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांच्यामागची माहिती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्याला ती कितपत लागू पडते, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा घरातला इतिहास पाहावा. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना तसं सांगून लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए तपासून घ्यावं.