देवाची जमीन, कुळाचा नांगर

जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मालवण तालुक्यातील आचरे गावात जितक्या निःशंकपणे मिळते तितके ते अन्यत्र क्वचितच मिळत असेल. कारण तेथील श्रीदेव रामेश्वराच्या संस्थानाच्या नावाआधी ‘इनामदार’ हे बिरुद आजही लावले जाते, आणि गावकरी ते केवळ कागदापुरते मानतो असेही नाही. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला, की घराला कडी घालून, गुरेढोरे, कोंबडी-कुत्री आणि पोरेबाळे बरोबर घेऊन सारा गाव वेशीबाहेर पडतो, माळावर झापांच्या खोपी उभारून तीन दिवस आणि तीन रात्री तेथे काढतो, आणि पुन्हा कौल मिळाल्यावाचून परत फिरत नाही. या गावपळणीत हिंदूंच्या बरोबरीने मुसलमान घरेही सामील होतात. लोकाचाराचे अभ्यासक तिच्या मुळाशी भुताखेतांचे भय किंवा रोगराईची जुनी स्मृती शोधतात, आणि तसे शोधण्यास आधारही असेल. परंतु जमीनधाऱ्याच्या कायद्यांचा ज्याला नाद आहे अशा माणसाला तीत आणखी एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. मालकाने सांगावे, वहिवाटदारांनी जागा मोकळी करून द्यावी, आणि मालकानेच त्यांना सन्मानाने परत बोलवावे, असा हा मालकी हक्काचा नियतकालिक उच्चार आहे.

कुळांना घराबाहेर काढण्याची विद्या ज्या देशात पराकोटीस गेली, तो देश आयर्लंड. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या सैन्याने तो देश जिंकल्यावर १६५२ च्या कायद्याने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त झाल्या, विल्यम पेटी याने १६५५-५६ मध्ये साऱ्या मुलखाची मोजणी करून नकाशे सिद्ध केले, आणि ज्या कॅथलिकांकडे १६४१ साली देशाची निम्म्याहून अधिक जमीन होती त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी तिचा सातवा हिस्साही धड उरला नाही. विजेत्याच्या मागोमाग मोजणीदाराची साखळी येते, हे इनाम कमिशन पाहिलेल्या महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. पुढे १८४५ पासून बटाट्याचे पीक करपून दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ च्या कायद्यात असे एक कलम घालण्यात आले, की ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल त्याला सरकारी मदत मिळू नये. म्हणजे पोटाला अन्न हवे असेल तर कुळाने जमिनीचा राजीनामा द्यावा. पोलिसांच्या बंदोबस्तात पहारी घेऊन आलेली माणसे घराचे आढे पाडीत आणि भाडेकरी कुटुंब रस्त्यावर येई. या दैन्यावर १८६० च्या कायद्याने कळस चढविला, कारण मालक व कुळ यांचे नाते वहिवाटीवर उभे नसून निव्वळ करारावर उभे आहे असे त्याने ठरविले. आणि ज्याच्या घरात उद्याची भाकर नाही त्याच्याशी झालेल्या कराराला ‘स्वेच्छेचा’ म्हणणे ही कायदेपंडितांनाच सुचणारी विनोदबुद्धी होय.

या मताला पहिला धक्का हिंदुस्थानातून बसला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. सर जॉर्ज कँबेल हा हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत मुरलेला अधिकारी १८६९ साली आयर्लंडमध्ये हिंडून आला आणि तेथील जमिनीवर त्याने पुस्तक लिहिले. कायदा काहीही म्हणो, कसणाऱ्या लोकांच्या मनात जमिनीवर त्यांचा स्वतःचा वहिवाटी हक्क आहे, आणि तो हिंदुस्थानातील रयतेच्या हक्काचाच सख्खा भाऊ आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्लॅडस्टनच्या १८७० च्या कायद्याने अल्स्टर प्रांतातील रूढीला मान्यता दिली. पुढे १८७९ च्या ऑक्टोबरात मायकेल डेव्हिट आणि पार्नेल यांची लँड लीग उभी राहिली, आणि तिच्या दडपणाखाली १८८१ च्या कायद्याने कुळाला तीन हक्क दिले : न्यायालयाने ठरविलेला वाजवी खंड, खंड भरीत असेतो न ढळणारी वहिवाट, आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक. हाच प्रवाह उलटून हिंदुस्थानात आला, आणि १८८५ चा बंगालचा कुळकायदा घडविण्यात ज्याने भाग घेतला तो मेयो परगण्यातला आयरिश अधिकारी अँटनी मॅक्डॉनेल पुढे डब्लिनला जाऊन १९०३ च्या विंडहॅम कायद्याच्या घडणीत अग्रभागी होता. त्या कायद्याने सरकारने सगळी किंमत जमीनदाराला आगाऊ दिली, वर शेकडा बारा बक्षीसही दिले, आणि कुळाने ती रक्कम सव्वातीन टक्क्यांच्या वार्षिक हप्त्यांनी अडुसष्ट वर्षे फेडावयाची असे ठरले. उरल्यासुरल्या जमिनी १९२३ साली स्वतंत्र आयर्लंडने सक्तीने घेतल्या.

कोकणात याच सुमारास काय चालले होते? मुंबई सरकारचा खोती कायदा १८८० चा, म्हणजे आयरिश कायद्याच्या अगोदर वर्षभराचा. आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले की फरक डोळ्यांत भरतो. धारेकरी, दुय्यम धारेकरी आणि वहिवाटीचे कूळ असे वर्ग पाडून खोती कायद्याने त्यांना वारसाहक्क दिला. भाताचा खंड अर्धेलीचा व वरकसाचा तिर्धेलीचा ही कमाल ठरविली. परंतु वहिवाटीच्या कुळाला आपला हक्क खोताच्या संमतीवाचून विकता येऊ नये अशी मेखही मारून ठेवली. आयर्लंडच्या तिसऱ्या हक्काची चावी अशी खोताच्या कनवटीला राहिली. त्या खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडले, त्यापूर्वीच अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी जमीन कसावयाचीच नाही असा संप पुकारला होता, आणि तो सहा वर्षे टिकला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिन, या दिवशी कसणारे कूळ मालक झाल्याचे मुंबईच्या कुळकायद्याने गृहीत धरले.

मात्र या मालकीची लाट देवळाच्या पायरीशी येऊन थांबली. व्यक्तिगत इनामे गेली, तरी वर्ग तीनचे देवस्थान इनाम शाबूत राहिले. आणि कुळकायद्याच्या कलम ८८-ब ने सार्वजनिक पूजेसाठी असलेल्या विश्वस्त संस्थांच्या जमिनींना, काही अटींवर, सक्तीच्या खरेदीतून सूट दिली. म्हणून सातबाराच्या इतर हक्कांत पिढ्यान्‌पिढ्या नाव असूनही अशा जमिनीचे कूळ कूळच राहते. त्यातही इनामदार जर देव असेल, तर हा मालक मरत नाही, त्याला वारस लागत नाहीत, तो कर्जबाजारी होऊन जमीन लिलावात काढीत नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या मलिक खटल्यात मूर्तीला कायदेशीर व्यक्ती ठरविले, आणि हिंदू कायद्याने तिला कायमची अज्ञान मानले, त्यामुळे कुळाच्या वाट्याला असा धनी आला की ज्याच्याशी सौदाच करता येत नाही.

आयर्लंडने मात्र नेमका येथूनच आरंभ केला होता, हे मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. ग्लॅडस्टनने १८६९ साली तेथील प्रॉटेस्टंट चर्चचा राजाश्रय काढून घेतला, तेव्हा चर्चच्या जमिनींच्या विक्रीत कुळांना प्रथम हक्क दिला. किमतीचा चौथा हिस्सा रोख, बाकीची हप्त्यांनी. सहा हजारांच्या आसपास कुळांनी या मार्गाने जमिनी घेतल्या, आणि कुळाला मालक करता येते याचा पहिला प्रयोग देवाच्या जमिनीवर झाला. धर्मोपदेशकांच्या हयातीतील प्राप्तीची भरपाई करण्यात आली, आणि प्रार्थना बंद पडली नाही.

तरी ही तुलना ताणता येत नाही. ते चर्च मूठभर सत्ताधाऱ्यांचे होते, कॅथलिक शेतकऱ्याला त्याच्याविषयी तिरस्कार होता. उलट रामेश्वर आचरेकरांचा स्वतःचा आहे, बारा-पाच मानकरी त्याच्या कौलावर चालतात, रामनवमीचा उत्सव त्याच्या दारात होतो, आणि गावपळणीत कुळाला बाहेर काढणारा धनी त्याला बेघर करीत नाही. ज्या मालकावर रयतेचे प्रेम आहे त्याच्याविरुद्ध लँड लीग उभी राहत नाही. म्हणूनच हा प्रश्न रस्त्यावर न येता मामलेदार कचेरीच्या दप्तरातच जिरतो. शिवाय एक भीती खरी आहे : जमिनीऐवजी खजिन्यातून ठराविक रोख वर्षासन बांधून दिलेल्या कित्येक देवळांची, रुपयाची किंमत घसरताच, दिवाबत्तीचीही पंचाईत झाली.

म्हणून माझे मत असे, की देवस्थान जमिनींच्या कुळांनाही खरेदीचा हक्क द्यावा. पण मोबदला एकदाच रोख देऊन मोकळे न होता, तो दर काही वर्षांनी भाताच्या भावाशी जुळणाऱ्या वर्षासनाच्या रूपाने देवाकडे जावा, आणि त्याची जबाबदारी विंडहॅम कायद्याप्रमाणे सरकारने स्वतःच्या तिजोरीवर घ्यावी. नंदादीप आणि नांगर, दोन्ही चालू ठेवण्याची ऐपत या राज्याच्या खजिन्यात आहे. विधिमंडळाने कलम ८८-ब पुन्हा उघडून वाचावे.