हळदीनं "फरक पडला" म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या वसमतमध्ये कुणाचे सांधे सुजले की पहिला सल्ला हळदीचा मिळतो. साहजिकच आहे, 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद इथलीच. हल्ली त्यात ग्रीन टीची भर पडली आहे. माझ्या मावशीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. ही वयानं होणारी गुडघ्यांची झीज नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. मागच्या दिवाळीत मावशी म्हणाली, "हळदीच्या दुधानं फरक पडलाय रे, ती आठवड्याची गोळी बंद करू का?" ती गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. ती थांबवली आणि आजार पुन्हा उसळला, तर सांध्यांचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तिच्या वाक्यातला "फरक" हा शब्द धरा. फरक कशाच्या तुलनेत?

या विषयावरचा एक जुना भारतीय अभ्यास 1980 चा आहे, देवधर, सेठी आणि श्रीमल यांचा. 18 रुग्ण. रोज 1200 मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि तुलनेला फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक. कर्क्युमिन घेताना सकाळचं आखडणं आणि सूज कमी झाली. वाचून आनंद होतो ना? पण दोन्हीकडे औषधच होतं. काहीच न देता किती सुधारणा झाली असती, हे या मांडणीतून कळूच शकत नाही.

डोसचाही हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरलं, तर 1200 मिलिग्रॅमसाठी 40 ग्रॅम हळद लागते. चमचाभर हळद 3 ग्रॅम धरा, म्हणजे रोज तेरा चमचे! दुधातल्या चिमटीला या अभ्यासाचा दाखला देता येत नाही.

आता माझा आवडता पेपर. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण, 182 रुग्ण, 16 आठवडे. काहींना औषध, काहींना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. ठरलेल्या निकषावर औषधाच्या गटात 39 टक्के रुग्ण सुधारले. इथेच थांबलात तर बातमी तयार! पण प्लासिबोच्या गटातही 30 टक्के सुधारले होते, आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. सांध्यांच्या सुजेत मात्र औषध सरस निघालं, तेही लेखकांनी लिहिलं आहे आणि प्लासिबोचा प्रभावही लपवलेला नाही. पेपर असा लिहावा, असं मला वाटतं.

निष्क्रिय गोळीनं 30 टक्के लोक कसे सुधारले? एक कारण अपेक्षा. दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं: हा आजार भरती-ओहोटीसारखा चालतो. माणूस उपचार शोधतो ते दुखणं टोकाला गेल्यावर, आणि टोकानंतर ते बहुधा आपोआप थोडं उतरतंच. मावशीनं दूध कधी सुरू केलं? बोटं मिटत नव्हती त्या आठवड्यात. शिवाय गोळी चालूच होती, मग श्रेय एकट्या दुधाला कसं द्यायचं?

ग्रीन टीलाही हेच प्रश्न विचारा. त्यातल्या ईजीसीजी या घटकानं सांध्याच्या अस्तरातल्या पेशींमधली दाहाची रसायनं कमी होतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण बशीतल्या पेशींवर घटक थेट ओतता येतो. चहातून तो आतड्यात जातो, तिथून फार थोडा रक्तात पोचतो. कर्क्युमिनची अडचणही तीच.

मावशीला मी सांगितलं, गोळी बंद करू नकोस, दूध हवं तर पी. पण हळदीच्या किंवा ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल कुणी दिल्या तर आधी डॉक्टरांना दाखव. दोन्ही अर्कांमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेटमुळे तिच्या यकृताची तपासणी तशीही दर काही आठवड्यांनी चालूच असते.