ऐसपैस गाडी, अरुंद बोळ

भारतीय बाजारात मध्यम आकाराची एसयूव्ही म्हणजे साधारण ४.२ ते ४.४ मीटर लांबीची, उंच बैठकीची, पाच माणसांची गाडी. ह्युंदाई क्रेटा (लांबी ४३३० मिलिमीटर), मारुती ग्रँड विटारा (४३४५), होंडा एलिव्हेट (४३१२) आणि स्कोडा कुशाक (४२२५) या त्यातल्या परिचित गाड्या. टाटा हॅरियर (४६०५) आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० (४६९५) वरच्या गटातल्या. कोल्हापुरात आई-वडील, दोन मुलं आणि आजी अशा घराला रोज एकच गाडी पुरवायची असेल, तर हा मधला गट बहुतेक वेळा योग्य ठरतो. मात्र गटातली प्रत्येक गाडी सारखी ऐसपैस नसते.

आतली जागा बाहेरच्या लांबीवरून कळत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितका जास्त तितकी मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना सहसा मोकळीक. क्रेटाचा व्हीलबेस २६१० मिलिमीटर, तर लांबीने तिच्यापेक्षा १०५ मिलिमीटर कमी असलेल्या कुशाकचा २६५१. तरीही मागे तिघं मोठी माणसं बसली की कुशाकमध्ये खांद्याला खांदा लागतो, कारण तिची रुंदी १७६० मिलिमीटर आहे आणि क्रेटाची १७९०. मधल्या माणसासाठी डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, पायाशी उंचवटा किती आहे, हेही बसूनच पाहायचं. मोजमापांच्या तक्त्यात ते सापडत नाही.

घरात वयस्कर माणूस असेल तर बैठकीची उंची सगळ्यांत मोलाची. गुडघे दुखणाऱ्या आजीला सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं, फार उंच गाडीत पाय उचलून चढावं लागतं. नऊवारी नेसलेल्या बाईला तर चढणं आणखी अवघड. मध्यम एसयूव्हीची बैठक बहुतेकांच्या कमरेच्या जवळपास येते, त्यामुळे सरळ मागे टेकून आत सरकता येतं. या गटाची खरी सोय हीच, आणि जाहिरातीत ती सर्वांत कमी दिसते.

डिकीच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एलिव्हेटची डिकी ४५८ लिटरची आहे. ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोल गाडीत ती ३७३ लिटर, पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे २६५ लिटरच उरते. लग्नकार्याच्या बॅगा, तांदळाचं पोतं किंवा व्हीलचेअर नेहमी न्यावी लागणाऱ्या घराने हा फरक आधी बघावा, मायलेज नंतर.

जुन्या शहरात गाडीची परीक्षा रुंदीवर होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा महाद्वार रोडच्या आसपासच्या बोळांत समोरून रिक्षा आली की एक्सयूव्ही ७०० ची १८९० मिलिमीटर रुंदी जड जाते. कंपनी देते त्या आकड्यात आरसे धरलेले नसतात. क्रेटा किंवा एलिव्हेट दहा सेंटिमीटरने अरुंद आहे आणि बोळात तेवढ्यानेच निभावतं. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी सात आसनी गाडी घेऊन उरलेले दिवस तिला जागा शोधत फिरणं शहाणपणाचं नाही.

इंजिनाची निवड घाटावर ठरते. कोल्हापूरकर कोकणात उतरतो तो करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा किंवा आंबोली घाटाने. परतताना गाडीत पाच माणसं, भरलेली डिकी, चालू एसी आणि सलग चढ असतो. तिथे कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, उपयोगी पडतो. क्रेटाचं दीड लिटरचं डिझेल इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क सुमारे १५०० फेऱ्यांपासून देतं. एलिव्हेटचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १४५ न्यूटन मीटर देतं आणि तेही ४३०० फेऱ्यांवर, त्यामुळे चढावर गिअर खाली टाकून इंजिन गरगरवावं लागतं. ते चढत नाही असं नाही, चालकाला काम जास्त पडतं. दुसरी बाजूही आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. फक्त शाळा, बाजार आणि रंकाळा एवढंच फिरणं असेल तर फिल्टर तुंबतो. अशा घराला पेट्रोल किंवा हायब्रिड बरी. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवणारी हायब्रिड शहरातल्या थांबत-चालत प्रवासात सर्वाधिक इंधन वाचवते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. एलिव्हेटचा २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स खड्ड्यांना आणि खराब रस्त्यांना चांगला, पण तो पाण्यातून जाण्याचा परवाना नव्हे. इंजिनाची हवा घेणारी नळी किती उंचावर आहे, यावर धोका ठरतो. पाणी आत ओढलं गेलं तर इंजिन अडकून मोडतं आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही. इंजिन संरक्षणाची जोड इथे घ्यावीच.

गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. म्हणून सनरूफपेक्षा हेडलाइटच्या प्रकाशावर पैसे खर्चलेले बरे. अपघात-सुरक्षिततेचे तारे देणारी भारत एनकॅप योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. हवी ती गाडी त्यात किंवा ग्लोबल एनकॅपमध्ये तपासली गेली आहे का, हे विचारावं. कुशाकला ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या गटातल्या पेट्रोल, डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा जास्त बसतो, म्हणून तुलना शोरूमच्या किमतीची न करता ऑन-रोड किमतीची करावी. आणि बुकिंग करण्याआधी टेस्ट ड्राइव्हला घरातली पाचही माणसं न्यावीत, गाडी स्वतःच्या बोळात आणून लावून पाहावी, शक्य असेल तर भरल्या गाडीने जोतिबाचा डोंगर चढून पाहावा.