ओळखीचा सूर, अनोळखी वादक



आज बोलायचं आहे ते एका वाद्याविषयी आणि ते वाजवणाऱ्या एका माणसाविषयी. वाद्याचं नाव सॅक्सोफोन, आणि माणसाचं नाव मनोहारी सिंग. आता तुम्ही म्हणाल, साखऱ्याच्या पारावर बसून हळदीच्या भावाचं ऐकायचं सोडून हे विलायती वाद्य कशाला? पण जरा दम धरा. हे वाद्य तुमच्या घरात केव्हाच येऊन गेलेलं आहे. फक्त त्याची आणि तुमची रीतसर ओळख कुणी करून दिलेली नाही.

‘काश्मीर की कली’ हा चित्रपट आला १९६४ साली. त्यात महंमद रफींनी गायलेलं ‘है दुनिया उसी की’ हे गाणं आहे. संगीत ओ. पी. नय्यर यांचं. रेडिओवर, लाउडस्पीकरवर हे गाणं आपण कितीदा तरी ऐकलेलं आहे. रफीसाहेब एक ओळ म्हणून थांबतात आणि मागून एक जाडसर, ओलसर, किंचित अडखळत चालल्यासारखा सूर येतो. जिवाला लागलेला माणूस शब्द संपल्यावर नुसता हुंकार देतो ना, तसा. तो सूर सॅक्सोफोनचा. आणि फुंक मनोहारी सिंगांची.

मी स्वतः कित्येक वर्षं ते गाणं रफीसाहेबांचं म्हणूनच ऐकत आलो. ते त्यांचं आहेच. पण त्या गाण्यात दोघं जण गात आहेत, एक कंठानं आणि दुसरा वाद्यानं, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

आधी वाद्य समजून घेऊ. बेल्जियम देशात १८१४ साली आडोल्फ साक्स नावाचा कारागीर जन्मला. वाद्यं घडवणं हा त्याच्या घरचाच धंदा. पुढं तो पॅरिसला गेला आणि १८४६ साली त्यानं आपल्या नव्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याच्याच नावावरून त्याला सॅक्सोफोन म्हणू लागले. लष्करी बँडमध्ये पितळी कर्ण्यांचा आवाज मोठा, पण कठोर. लाकडी वाद्यांचा आवाज गोड, पण मैदानावर पुरत नाही. या दोन्हींच्या मधलं काहीतरी त्याला हवं होतं.

आता यातली गंमत बघा. सॅक्सोफोन असतो पितळेचा, पण जातीनं तो सनईच्या गोतातला आहे. सनई तोंडाशी निमुळती आणि खाली रुंद होत जाते, तसाच हाही. सनईत फुंकेनं दोन पत्त्या एकमेकींवर थरथरतात. सॅक्सोफोनमध्ये बोरूसारख्या काडीची तासून पातळ केलेली एकच पत्ती थरथरते. पोरं पपईच्या देठाला चीर देऊन पिपाणी करतात, तिच्यात हेच तत्त्व असतं. शाळेत गुरुजींनी ही पिपाणी पोरांकडून करून घ्यावी. देठ लांब ठेवला की आवाज खाली जातो, आखूड केला की वर चढतो. सॅक्सोफोनच्या अंगावर जी चाव्यांची गर्दी दिसते ती याचसाठी. एकेक भोक उघडून आणि झाकून नळी लांब-आखूड करायची. बाकी सगळं काम ओठांचं आणि छातीतल्या श्वासाचं. ओठ सैल केला की सूर वाकतो, आवळला की चढतो. म्हणूनच हे वाद्य माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जातं.

लष्करी बँडमधून हे वाद्य अमेरिकेत पोचलं आणि तिथल्या काळ्या लोकांच्या हाती आलं. त्यांच्या मागच्या पिढ्यांनी गुलामी भोगलेली होती. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे संगीत उभं केलं ते जॅझ. जॅझ म्हणजे काय, हे आपल्या भजनी मंडळातल्या माणसाला चटकन समजेल. अभंग एकच, चाल एकच. पण गाणारा प्रत्येक जण मध्येच आपली जागा घेतो, कालच्यासारखी आज घेत नाही, आणि फिरून समेवर येतो. जॅझमध्ये वादक तेच करतो. चालीचा सांगाडा सांभाळायचा आणि आतलं बोलणं आपलं बोलायचं.

हे संगीत मुंबईला आलं ते मोठ्या हॉटेलांच्या वाटेनं. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. ते ऐकून शिकले ते प्रामुख्यानं आपले गोव्याचे वादक. गोव्यात गावोगाव चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. म्हणजे शेतकऱ्याच्या, खलाशाच्या पोरालाही कागदावरचं संगीत वाचून वाजवता येई. ही पोरं मुंबईला आली, रात्री हॉटेलात जॅझ वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ, अशी कितीतरी माणसं. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. पन्नास वाद्यांना वाटून देऊन ती कागदावर उतरवणारे हे लोक.

मनोहारी सिंग या मंडळींत सामील झाले, पण ते आले पूर्वेकडून. त्यांचा जन्म ८ मार्च १९३१ चा, कलकत्त्याचा. घराणं मूळचं नेपाळी आणि बँडवाल्यांचं. कलकत्त्याजवळ बाटानगरला बाटा कंपनीचा जोड्यांचा कारखाना होता, आणि त्या कारखान्याचा स्वतःचा बँड होता. जोसेफ न्यूमन नावाचे हंगेरीचे संगीतज्ञ तो बँड चालवीत. तिथं मनोहारी बासरी, म्हणजे चाव्यांची विलायती बासरी, आणि क्लॅरिनेट वाजवू लागले. स्वरलिपीही शिकले. न्यूमनसाहेब पुढं एच. एम. व्ही. या रेकॉर्ड कंपनीकडं गेले, तेव्हा हा शागीर्दही त्यांच्या पाठोपाठ गेला. सॅक्सोफोन हातात आला तो यानंतर. चौरंगीवरच्या फिर्पोज या नामांकित उपाहारगृहात ते रात्री वाजवू लागले. मंचावर जॅझ वाजतो आहे, समोर साहेबलोक जेवताहेत. कुणी ऐकतंय, कुणी ऐकत नाही. पण तिथं एक शिक्षण मिळतं. रोज रात्री, त्याच चालींत, नवीन काहीतरी बोलायला शिकावं लागतं.

संगीतकार सलील चौधरी यांनी हा वादक हेरला आणि मुंबईला येण्याचा आग्रह धरला. १९५८ साली मनोहारी मुंबईत आले. सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’ या त्याच वर्षीच्या चित्रपटापासून त्यांचं इथलं वाजवणं सुरू झालं.

तो काळही ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडं फिरवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवर परत आली. पुढच्याच वर्षी मनोहारी मुंबईला पोचले. म्हणजे वाजवणारा आला, आणि त्याचं वाजवणं खेड्यापर्यंत पोचवणारी वाटही नुकतीच मोकळी झाली होती. पुढं ट्रान्झिस्टर आला. रात्री हळद शिजवायला बसलेल्या माणसांच्या शेजारी, चुलवणाच्या उजेडात, तोच सूर वाजू लागला.

त्या काळी गाण्याचं रेकॉर्डिंग कसं होई, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. गायक, पन्नास-साठ वादक, सगळे एकाच वेळी स्टुडिओत. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ, अशा ठिकाणी. आज गायक येतो, आपलं गातो आणि जातो. वादक दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा तसं नव्हतं. सॅक्सोफोनवाल्याचा एक सूर चुकला की लताबाईंनाही पहिल्यापासून गावं लागे. वाट्याला यायचे ते कडव्यांच्या मधले काही क्षण. तेवढ्यात नेमकं वाजवायचं, आणि नेमकं असूनही ते जिवंत लागलं पाहिजे. हॉटेलातल्या जॅझवाल्याला तासभर मोकळं रान असतं. मनोहारींना मिळायचं ते वाफ्याएवढं. त्या वाफ्यात त्यांनी काय पिकवलं ते ऐका.

१९६५ सालच्या ‘आरजू’ चित्रपटात लताबाईंचं ‘बेदर्दी बालमा’ हे गाणं आहे, शंकर-जयकिशन यांचं. तिथं सॅक्सोफोन आर्त हाक घालतो. १९६९ च्या ‘आराधना’मध्ये किशोरकुमारांच्या ‘रूप तेरा मस्ताना’त तोच सॅक्सोफोन धुंद होतो, आणि त्याला साथ असते केरसी लॉर्ड यांच्या ॲकॉर्डियनची. १९७० च्या ‘प्रेम पुजारी’त ‘शोखियों में घोला जाये’ या गाण्यात तो खेळकर आणि हलका आहे. वाद्य एकच, माणूस एकच. पण दर वेळी त्याचा स्वभाव वेगळा. गाण्यात शब्द जे सांगतात त्याच्या पुढचं ते वाद्य सांगतं.

राहुलदेव बर्मन यांच्याकडं मनोहारी पुष्कळ वर्षं नुसते वादक नव्हते, सहायकही होते. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर हे त्यांचे तीन खंदे सहकारी. यातले तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव म्हणजे आपले मराठी माणूस. बासू आणि मनोहारी या जोडीनं १९७६ साली ‘सबसे बडा रुपैया’ या चित्रपटाला स्वतंत्रपणे संगीतही दिलं. मनोहारींच्या सॅक्सोफोनवर चित्रपटगीतांच्या धुनांच्या रेकॉर्डही निघाल्या. त्या रेकॉर्डवर मात्र त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत असे.

आणि इथंच माझा मुद्दा आहे, श्रोतेहो. सिनेमाच्या गाण्याच्या तबकडीवर चित्रपटाचं नाव असे, गायकाचं असे, संगीतकाराचं असे. वाजवणाऱ्याचं नसे. आपल्याकडं हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापतात. तिच्यावर कीर्तनकारांच्या नावाखाली मृदंगाचार्य कोण, गायनाचार्य कोण, टाळकरी कोण, हे सगळं असतं. विणेकऱ्याचं नावसुद्धा सोडत नाहीत. नरसीच्या नामदेवांच्या मुलखात ही रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. कीर्तन एकट्याचं नसतं, हे ती पत्रिका कबूल करते. मुंबईच्या एवढ्या मोठ्या धंद्याला ते कबूल करायला जमलं नाही.

त्याचा परिणाम पुढं दिसला. विजेवर चालणारी की-बोर्डची वाद्यं आली. एक माणूस एका पेटीतून सनई, सतार, सॅक्सोफोन असे सगळे आवाज काढू लागला. १९९० नंतर स्टुडिओतले मोठे ताफे विस्कटले. ज्यांचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यांचं काम गेलं तेव्हा विचारणार तरी कोण? आपल्याही गावात तेच झालं. सनई-संबळ, मग ब्रास बँड, मग बँजो, आणि आता डीजेच्या भिंती. वरातीत पुढं क्लॅरिनेट वाजवणारा माणूस ताल चुकू देत नसे. पण त्याला नावानं हाक मारणारे किती होते? पुष्कळदा तो जेवायलाही शेवटच्या पंगतीला बसे. मनोहारी सिंगही बँडच्याच घरातले, कारखान्याच्या बँडमध्ये शिकलेले. त्यांना गुरू भेटला, स्वरलिपी मिळाली, स्टुडिओ मिळाला. नाहीतर तेही वरातीतच वाजवत राहिले असते.

या वाद्याला आपल्या देशात दुसरेही मोठे साधक लाभले. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी जॅझच्या अंगानं राग वाजवले. १९७० साली त्यांची ‘रागा रॉक’ ही रेकॉर्ड निघाली. कर्नाटकचे कद्री गोपालनाथ हे नागस्वर वाजवणाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत बसवलं आणि १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजवलं. ते २०१९ साली निवर्तले. मनोहारी उतारवयातही रंगमंचावर उभे राहून वाजवीत असत. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता गुरुजनांना एक विनंती. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा वरच्यांपैकी एक गाणं मुलांना तीनदा ऐकवा. पहिल्यांदा शब्द ऐकू द्या. दुसऱ्यांदा ताल मोजू द्या. तिसऱ्यांदा सांगा, की गाणारा थांबला की कोण बोलतं तेवढंच ऐका आणि हात वर करा. कान शब्दांवरून सुरांकडं वळवायला याहून सोपा धडा नाही. मग फळ्यावर गायकाच्या नावाखाली वाजवणाऱ्याचं नाव लिहा.

आणि गावकरी मंडळींना एवढंच सांगणं, की यंदा कुणाच्या घरी लग्न असेल आणि वाजवायला माणसं येणार असतील, तर आधी त्यांची नावं विचारून घ्या. सप्ताहाच्या पत्रिकेसारखी ती लग्नपत्रिकेतही छापायला एखादी ओळच लागते. वाजवून झालं की त्यांना पहिल्या पंगतीला बसवा.