सोमवारचे मौन

इंग्लंडहून परतलेला एक तरुण बॅरिस्टर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीसाठी उभा राहिला, आणि त्याला एकही प्रश्न सुचेना. डोके गरगरू लागले. घेतलेले ३० रुपये परत घ्यावेत व दुसरा वकील पाहावा, असे सांगून तो बाहेर पडला. त्यापूर्वी व्हेंटनर येथे त्याचे शाकाहारावरील भाषण, तेही जेमतेम एका कागदाचे, दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले होते. हा तरुण म्हणजे मोहनदास गांधी. पुढे आत्मकथेत त्यांनी या संकोचाचे आभारच मानले. शब्द जपून वापरण्याची सवय त्यानेच लावली, असे त्यांचे म्हणणे होते.

कालांतराने ते दर सोमवारी मौन पाळू लागले. आरंभीचा हेतू अगदी साधा होता. माणसांची रीघ आणि पत्रांचा ढीग यांतून थोडा विसावा मिळावा, लिहिणे उरकावे, एवढेच. आध्यात्मिक लाभ त्यांना मागाहून जाणवला, आणि तसे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. साधनेचा आरंभ थोर हेतूनेच व्हावा लागतो, या समजुतीने पुष्कळ लोक ती कधी आरंभीतच नाहीत!

त्या दिवशी कामे थांबत नसत. उत्तर देणे भागच पडले तर ते चिठ्ठीवर लिहून दिले जाई. जिभेवरचा शब्द क्षणात निसटतो. चिठ्ठीवर उतरणारा शब्द मन आधी न्याहाळून घेते, आणि कित्येकदा तो लिहावासाच वाटत नाही. शिवाय ज्याला लगेच उत्तर द्यावयाचे नाही, तो समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो. एरवी दुसऱ्याचे वाक्य अर्ध्यावर असतानाच मनुष्य आपले वाक्य जुळवू लागतो.

या व्रताची कसोटी २ जून १९४७ रोजी लागली. तो सोमवार होता. फाळणीची योजना पुढाऱ्यांपुढे ठेवून व्हाइसरॉय माउंटबॅटन गांधीजींची वाट पाहत होते. गांधीजींचा फाळणीला विरोध. ते आता काय बोलतील, याची व्हाइसरॉयना धास्ती होती. गांधीजी आले, आणि वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहू लागले. (कागद वाया घालविणे त्यांना कधीच रुचत नसे.) बोलता येत नाही याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. मौनाला त्यांनी आधीपासून दोन अपवाद ठेवले होते: उच्चपदस्थांशी तातडीचे बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा. पहिल्यात ही भेट सहज बसली असती. परंतु मी मौन मोडावे अशी तुमची इच्छा नसणार, असे त्यांनी लिहिले. आपल्या भाषणांतून तुमच्याविरुद्ध एक तरी शब्द निघाला आहे काय, असेही विचारले.

माउंटबॅटन यांना हायसे वाटले. त्या दिवशी तरी मौन सुटायला हवे होते, असे कोणाला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. मात्र ते मौन प्रसंग पाहून धारण केलेले नव्हते. एकदोन गोष्टींविषयी बोलावयाचे आहे, पण आज नव्हे. पुन्हा भेट झाली तर बोलेन, असेही त्या पाकिटांवर लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, फाळणीची योजना जाहीर झाली.