काळी आणि पांढरी



जोयडा तालुक्यातील कोणत्याही घरी गेलात तरी भिंतीवर एखादी दिनदर्शिका, देवाची तसबीर आणि लग्नातला एक फोटो एवढे हमखास दिसते. आमच्यासारख्यांच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असते, इतकाच काय तो फरक. ज्या भूमीत आपण राहतो तिचे चित्र मात्र क्वचितच आढळते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: "रान दारातच आहे; ते भिंतीवर कशाला?"

दारातले नेहमी दारातच राहते, हा आपला समज सुप्याने खोटा ठरविला. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर ते गाव वसले होते. काळीवरील 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पुरे झाले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. तेथील एका वृद्ध गृहस्थांच्या घरी मी हाताच्या पंजाएवढा एक कृष्णधवल फोटो पाहिला. लग्नाचे फोटो काढून झाल्यावर फिल्ममध्ये एक जागा उरली, म्हणून छायाचित्रकाराने कॅमेरा नदीकडे वळविला होता. "येथे उतार होता, येथे आमच्या पायऱ्या," असे म्हणत म्हाताऱ्यांचे बोट त्या करड्या पाण्यावरून फिरत होते. भिंतीवर भूमीचे चित्र कशाला, याचे उत्तर मला त्या बोटाने दिले.

आता, ते चित्र रंगीत का नसावे? रंगीत चित्रावर माझा राग नाही. पण आपल्या रानाची एक अडचण आहे. पावसाळ्यानंतर येथे सारेच हिरवे असते, आणि रंगीत फोटोत त्या हिरव्याचा एकच गालिचा होतो. रंग काढून घेतला की डोळा दुसऱ्या गोष्टी शोधू लागतो: ऐनाची भेगाळलेली साल, बांबूच्या बेटातील उभ्या रेषा, धुक्यात एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा. भिंगापुढे हिरवट पिवळी काच धरली तर पाने उजळतात आणि खोडे गडद राहतात. तांबडी काच धरली तर निळे आभाळ काळवंडते व पांढरे ढग उठून दिसतात. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात हेच काम नंतर संगणकावर करता येते. तेव्हा कृष्णधवल चित्र म्हणजे रंग गमावलेले चित्र नव्हे. त्यात छायाचित्रकाराने प्रत्येक रंगाचा उजेड तोलून मांडलेला असतो.

ही कला आपल्याकडे नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. अमेरिकेतील निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे मूळचे पियानोवादक. निगेटिव्ह ही संगीताची लिपी आणि कागदावरची छपाई हे तिचे वादन, असे ते मानीत. एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे 1941 सालचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याच एका निगेटिव्हवरून ते अनेक वर्षे प्रती काढीत राहिले, आणि नंतरच्या प्रतींत आभाळ अधिकाधिक काळे होत गेले. धारवाडच्या गाण्यावर वाढलेल्या आपल्या मुलखाला हे समजावून सांगावे लागू नये. बंदिश तीच, प्रत्येक बैठकीत ती नव्याने उभी राहते.

घरात चित्र लावताना थोडी दक्षता हवी. माझा अनुभव सांगतो. मी हौसेने एक चित्र काचेला चिकटवून मढविले आणि पावसाची झड येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगले. श्रावण सरेपर्यंत कागदावरचा सरसाचा थर ओलीने फुगून काचेला चिकटला होता. म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची मोकळी चौकट असावी, व तो पुठ्ठा आम्लविरहित असावा. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळती राहते. भिंत आतली निवडावी, व तिच्यावर थेट ऊन येऊ नये. चित्र अंधाऱ्या खोलीत जुन्या पद्धतीने छापलेले असेल, तर ते पाण्यात पुरेसे धुतले आहे की नाही हे विचारून घ्यावे. कागदात राहिलेला हायपो पुढे चित्र पिवळे पाडतो. त्या म्हाताऱ्यांच्या फोटोची एक कड अशीच विटली आहे.

आणि भिंतीवर दहा चित्रे लावू नयेत. एकच लावावे, भोवती पांढरी जागा सोडावी, आणि उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावे.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या पेटीत जुन्या सुप्याचा, एखाद्या वाटेचा वा घाटाचा लहानसा फोटो पडून असेल, त्यांनी तो या आठवड्यात बाहेर काढावा. त्याची मोठी प्रत करून घ्यावी, आणि मागे पेन्सिलीने गावाचे नाव व साल लिहावे. रामनगरच्या त्या घरातील नातवंडांनी संगम कधी पाहिलेला नाही. पण पायऱ्या कोठे होत्या हे ती आज अचूक दाखवितात.