उंदराच्या पिल्लाचा पिंजरा

पाळीव उंदराचं पिल्लू आणताय? मग आधी पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर मोजा. डोकं जिथून जातं तिथून अख्खं पिल्लू निसटतं, म्हणून अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. मोठ्या उंदरांसाठीचा एक इंची पिंजरा म्हणजे पिल्लाला उघडं दारच! दिसायला छान असली तरी काचेची पेटी टाळा. तिच्यात हवा खेळत नाही, लघवीतला अमोनिया साचतो आणि उंदरांची फुप्फुसं मुळातच नाजूक. खाली देवदाराचा भुसा नको, कागदाचे तुकडे उत्तम. उंदराला घामावाटे अंग गार करता येत नाही, तेव्हा पिंजरा उन्हात ठेवू नका. एकटं पिल्लू झुरतं. जोडी आणा, पण एकाच लिंगाची. पाच आठवड्यांची पिल्लंही वीण घालू शकतात.